मागची बाजू आधी पाहा : इंग्लंडच्या शेतात सापडणारे घोड्याच्या साजाचे भाग कसे ओळखावेत

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काही जण सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन नांगरलेल्या शेतात फिरू लागले आहेत. नाणी, गुंड्या आणि बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या यांच्या जोडीने त्यांच्या हाती वरचेवर घोड्याच्या साजातला धातूचा एखादा भाग लागतो. याचे कारण उघड आहे. ट्रॅक्टर सर्रास वापरात येईपर्यंत, म्हणजे साधारण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, या जमिनीवर नांगरणी, वाहतूक, प्रवास आणि युद्ध या सगळ्यात घोडा होता. चामडे कुजून गेले, लाकूडही गेले, पण कडी, बक्कल, लोंबण आणि घुंगरू मातीत राहिले. प्रश्न असा असतो की हातातला हिरवट तुकडा दोन हजार वर्षांपूर्वीच्या रथाचा आहे, तेराव्या शतकातल्या सरदाराच्या घोड्याचा आहे, की राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या गाडीवानाचा.

नवशिक्याची नजर पहिल्यांदा नक्षीकडे जाते आणि नेमकी तिथेच दिशाभूल होते. सिंह, फूल, चंद्रकोर, सूर्य या आकृती प्रत्येक युगात पुन्हा पुन्हा वापरल्या गेल्या आहेत. याउलट तो तुकडा चामड्याला, लाकडाला किंवा लोखंडाला कसा जोडलेला होता, हे त्याची मागची बाजू सांगते. जोडणीची पद्धत कामानुसार ठरते आणि काळानुसार बदलते, म्हणून ओळख पटवण्याची सुरुवात मागच्या बाजूपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. पुढील सर्व पायऱ्या याच मताभोवती रचल्या आहेत.

शेतात पाऊल टाकण्यापूर्वी

जमीनमालकाची परवानगी घेतल्याशिवाय डिटेक्टर चालू करू नये. परवानगी लेखी असावी आणि सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी होईल हे त्यातच लिहून घ्यावे. संरक्षित स्मारक म्हणून नोंदलेल्या जागी शासकीय संमतीविना डिटेक्टर वापरणे हा 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे, मग मालकाने होकार दिलेला असो वा नसो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 1996 चा ट्रेझर ॲक्ट लागू आहे. तीनशे वर्षांहून जुन्या वस्तूत सोने किंवा चांदी दहा टक्के किंवा त्याहून अधिक असेल, तर ती ‘ट्रेझर’ ठरते आणि चौदा दिवसांच्या आत कॉरोनरला (अशा सापडलेल्या वस्तूंची चौकशी करणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याला) कळवावी लागते. साजाचे बहुतेक भाग तांब्याच्या मिश्रधातूचे असल्यामुळे या व्याख्येत बसत नाहीत. वरून सोन्याचा मुलामा असला तरी सोन्याचे प्रमाण फारच कमी भरते. मात्र एक अपवाद नवशिक्याने पाठ करून ठेवावा. प्रागैतिहासिक काळातल्या साध्या धातूच्या दोन किंवा अधिक वस्तू एकाच ठिकाणी सापडल्या, तर त्याही ट्रेझर ठरतात आणि ब्रिटनमधले लोहयुग, म्हणजे रोमन सत्ता येण्यापूर्वीचा काळ, यात मोडते. एका जागी निघालेल्या लोहयुगीन रथाच्या दोन कड्या म्हणूनच कळवणे बंधनकारक आहे. 2023 पासून, दोनशे वर्षांहून जुनी आणि असाधारण ऐतिहासिक महत्त्वाची धातूची वस्तूही या कायद्याखाली येऊ शकते. स्कॉटलंडमध्ये नियम वेगळा आहे. तिथे सापडलेली पुरातन वस्तू कोणत्याही धातूची असली तरी तिच्यावर राजसत्तेचा हक्क असतो आणि ती कळवावीच लागते. उत्तर आयर्लंडमध्ये पुरातन वस्तूंच्या शोधासाठी खणायला परवाना लागतो.

हा छंद सुट्टीत गावी आल्यावर भारतात चालवण्याचा विचार कोणी करत असेल, तर त्याने तो सोडून द्यावा. आपल्या गडकोटांवर आणि त्यांच्या पायथ्याशी रिकिबी, नाल आणि कडियाळी (लगामाचे घोड्याच्या तोंडात जाणारे भाग) मातीत असतील यात शंका नाही. पण संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीविना खणणे 1958 च्या कायद्याने निषिद्ध आहे, भूमिगत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्याला देणे 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तू 1972 च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येतात. गडावरची रिकीब तिच्या जागेवरून उपटली की तिथल्या पागेचा, वाटेचा किंवा लढाईचा पुरावाच नाहीसा होतो.

वस्तू निघाली त्या क्षणी

शेताच्या वरच्या थरात, म्हणजे नांगर जिथवर पोहोचतो त्या साधारण वीस-तीस सेंटिमीटरच्या मातीत, वस्तू आधीच जागेवरून हललेल्या असतात. त्याखालची माती मात्र अनेकदा जशीच्या तशी असते. खड्डा तिथवर गेला आणि संकेत अजूनही खालून येत असेल, किंवा एकाच खड्ड्यातून दुसरी, तिसरी वस्तू डोकावू लागली, तर हात थांबवावा, जागा झाकावी आणि तज्ज्ञांना बोलवावे. या शिस्तीचे फळ किती मोठे असते याची दोन उदाहरणे अलीकडचीच आहेत. 2018 मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरमध्ये एका छांदिष्टाला साजाचे अलंकृत भाग मिळाले आणि त्यांच्या मागावर गेलेल्या पुरातत्त्वज्ञांना तिथे लोहयुगातले रथासह केलेले दफन सापडले. उत्तर यॉर्कशायरमध्ये मेल्सनबी गावाजवळ 2021 मध्ये अशाच एकाने संकेत मिळताच पुढे न खणता खबर दिली. त्यानंतर झालेल्या उत्खननात गाड्यांचे आणि साजाचे भाग धरून आठशेहून अधिक वस्तू निघाल्या आणि 2025 मध्ये तो साठा जाहीर झाला. तिथे घाईने फावडे चालवले असते, तर कोणती कडी कोणत्या चाकाजवळ होती हे कायमचे पुसले गेले असते.

वस्तू उचलण्यापूर्वी ती खड्ड्यात असतानाच छायाचित्र घ्यावे आणि जीपीएसवरून किमान आठ अंकी ग्रिड संदर्भ, म्हणजे ब्रिटनच्या नकाशावरच्या चौकटींनुसार जागेचा क्रमांक, टिपावा. आठ अंकांनी दहा मीटरची चौकट ठरते आणि दहा अंकांनी एक मीटरची. प्रत्येक वस्तू वेगळ्या पिशवीत ठेवून तिच्यावर तोच संदर्भ लिहावा. ‘मोठ्या शेताचा कोपरा’ अशी नोंद महिन्याभराने कुणाच्याही उपयोगी पडत नाही.

स्वच्छता : जितकी कमी तितकी बरी

घरी आणल्यावर चिंच, लिंबू, व्हिनेगर, तारेचा ब्रश आणि पितळ घासायची पावडर यांपैकी काहीही वापरू नये. देवघरातली भांडी लखलखीत करण्याची आपली सवय इथे घातक ठरते, कारण तांब्याच्या मिश्रधातूवर जमलेला गुळगुळीत हिरवा किंवा तपकिरी थर हाच मूळ पृष्ठभाग असतो आणि तो गेला की त्यावरची रेघ, मुलामा आणि मिनाकाम सगळेच जाते. सुटी माती मऊ ब्रशने किंवा बांबूच्या काडीने काढावी. मिनाकामाची शंका असेल तर पाणीसुद्धा लावू नये. वस्तू सावलीत हळूहळू वाळवावी आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी. फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशीवजा पूड दिसली, तर तो साधा कळंक नसून धातू आतून खाणारा क्षय असतो. अशी वस्तू इतरांपासून वेगळी आणि कोरडी ठेवून संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवावी.

यानंतर पुढून, मागून आणि बाजूने अशी तीन छायाचित्रे मोजपट्टी शेजारी ठेवून घ्यावीत. लांबी, रुंदी, जाडी आणि वजन लिहावे. पट्टा ओवण्याची फट असेल तर तिची आतली रुंदी वेगळी नोंदवावी, कारण त्यावरून चामड्याचा पट्टा किती रुंद होता हे कळते.

जोडणीवरून ओळख

आता वस्तू उलटी करावी. मागे आट्यांचा खिळा असेल, तर ती आधुनिक काळाच्या जवळची आहे. गाडीच्या घोड्याच्या पाठीवरच्या गादीत अशा आट्यांनी बसवलेल्या पितळी कड्या एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावर वापरात होत्या आणि त्यांतून लगामाच्या दोऱ्या जात.

लगामाची दोरी ओवण्याचेच काम करणारी, पण आट्यांऐवजी खाली वेगळी, अरुंद दांडी असलेली, इंग्रजी डी अक्षरासारखी कडी निघाली, तर श्वास रोखून पाहावे, कारण ती लोहयुगातली असू शकते. ही कडी रथाच्या जुवावर चामड्याने बांधली जाई. कडीचा वरचा भाग जाड आणि गोलसर असतो, दोन्ही टोकांना गाठीसारखे उंचवटे असतात आणि त्यांच्या मधली दांडी चामड्याखाली झाकली जात असल्यामुळे साधी ठेवलेली असते. काही कड्यांत ती लोखंडी असून गंजून गेलेली असते. काहींवर ओठांसारख्या कडा, काहींवर गुंडे, तर काहींवर लाल मिनाकाम दिसते. जोडीच्या रथाला बहुधा चार सारख्या कड्या आणि एक मोठी असा संच असे. जूलियस सीझरने इसवी सनपूर्व 55 आणि 54 मध्ये या बेटावर केलेल्या स्वाऱ्यांत त्याच्या सैन्याला असेच रथ सामोरे आले होते. पडद्याची किंवा बैलाच्या वेसणीची कडी यांच्याशी गोंधळ होऊ नये म्हणून एवढेच पाहावे की घेर सर्वत्र सारखा गोल आहे की दांडीचा भाग स्पष्टपणे वेगळा घडवलेला आहे.

त्रिकोणी किंवा वर निमुळता होत जाणारा ओतीव पत्रा, वरच्या टोकाला एक छिद्र, खाली एक-दोन छिद्रे आणि तळाशी मागच्या बाजूला वळलेली कड, अशी वस्तू असेल तर ती बहुधा अकराव्या शतकातली रिकिबीच्या पट्ट्यावरची पट्टी आहे. चामड्याचा पट्टा लोखंडी रिकिबीला मिळतो तो सांधा झाकण्यासाठी ती बसवत. छिद्रांभोवती तपकिरी गंज दिसतो, कारण रिव्हेट लोखंडाचे असत. पुढच्या बाजूला वेटोळे घेतलेला प्राणी किंवा सिंह असतो आणि त्यात उत्तरेकडच्या, स्कॅन्डिनेव्हियन वळणाची छाप जाणवते. 1016 मध्ये डेन्मार्कचा क्नूट इंग्लंडच्या गादीवर आला, त्याच सुमाराची ही कला. अशा पट्ट्या सुट्या सापडल्या की पेटीवरचे किंवा ग्रंथावरचे अलंकरण वाटतात, पण तळाची ती वळलेली कड पाहिली की संशय राहत नाही.

मध्ययुगीन लोंबणे

नवशिक्याला सर्वाधिक आनंद देणारा प्रकार हाच असल्याने त्यावर थोडे थांबायला हवे. तेराव्या-चौदाव्या शतकात घोड्याच्या छातीवरच्या पट्ट्यावर, दुमचीवर (शेपटीखालून जाणाऱ्या पट्ट्यावर) आणि डोक्याच्या साजावर तीन ते पाच सेंटिमीटर उंचीची ओतीव लोंबणे अडकवत. ढाल, चौपाकळी फूल, तिरका चौकोन आणि वर्तुळ हे त्यांचे नेहमीचे आकार. असे लोंबण बोटांत धरून कडेने पाहिले, तर वरचे कान दर्शनी भागाला काटकोनात उभे दिसते आणि त्याचे छिद्र डावीकडून उजवीकडे जाते. त्यातून आडवी दांडी जाऊन लोंबण वरच्या पट्टीला बिजागरीसारखे झुलत असे. भिंगातून पाहिल्यास कानाची वरची कड झिजून पातळ झालेली आढळते आणि कधी कधी ती झिजतच तुटलेली असते. घोड्याच्या प्रत्येक पावलाबरोबर झुलल्याची खूण तीच, आणि लोंबणे शेतात गळून पडली त्याचे कारणही बहुधा तेच. माणसाच्या गळ्यातल्या लॉकेटचे छिद्र बहुधा समोरून मागे जाते, हा फरक लक्षात ठेवावा.

दर्शनी भागावर खोलगट घरे असतील तर त्यांत लाल किंवा निळ्या मिन्याचे कण शोधावेत आणि उंचवट्यांच्या कोपऱ्यात सोन्याचा मुलामा शोधावा. ढालीवर राजघराण्याची किंवा सरदाराची मुद्रा, म्हणजे कुलचिन्ह, असू शकते. लाल भूमीवर सोनेरी तीन सिंह ही इंग्लंडच्या राजाची मुद्रा. 1340 मध्ये तिसऱ्या एडवर्डने तिच्यात फ्रान्सची फुले समाविष्ट केली, म्हणून केवळ तीन सिंहांची ढाल त्याआधीची असण्याचा संभव अधिक. सोनेरी भूमीवर तीन लाल कोनपट्ट्या क्लेअर घराण्याच्या, तर सोनेरी-निळ्या चौकड्या वॉरेन घराण्याच्या. तरीही निष्कर्षाची घाई करू नये. राजाचे नातेवाईक त्याच मुद्रेवर एखादी आडवी पट्टी वाढवून ती वापरत आणि तेवढाच मिना झडून गेलेला असू शकतो. शिवाय सेवकांच्या घोड्यांवरही धन्याची मुद्रा असे. ‘राजाचे लोंबण’ असे लिहिण्यापेक्षा ‘इंग्लंडच्या मुद्रेचे लोंबण’ असे लिहावे.

नंतरच्या काळातले भाग

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कडियाळ्यांच्या दोन बाजूंना, तोंडात जाणाऱ्या दांडीचे सांधे झाकण्यासाठी, घुमटाकार पितळी टिकल्या लावत. त्यांवर बहुधा पाकळ्यांची नक्षी असते, त्यामुळे त्या कपाटाच्या मुठीमागच्या फुलासारख्या दिसतात. फरक छिद्रांत आहे. फर्निचरच्या फुलाला मध्यभागी छिद्र असते, तर कडियाळ्याच्या टिकलीला सपाट कडेवर दोन किंवा अधिक छिद्रे असतात आणि तिचा मधला घुमट सलग राहतो.

घुंगरांची विभागणी सोपी आहे. पत्र्याचे दोन अर्ध जोडून केलेले घुंगरू जुने, तर एकसंध ओतलेले सतराव्या शतकापासून पुढचे. ओतीव घुंगराला वर चौकोनी कान, वरच्या अर्ध्या भागात दोन छिद्रे आणि खाली फटीने जोडलेली दोन छिद्रे असतात. आतला लोखंडी खडा टिकला असेल तर ते आजही वाजते. खालच्या भागावर आर आणि डब्ल्यू ही रोमन अक्षरे असतील, तर ते विल्टशायरमधल्या ऑल्डबर्न गावच्या रॉबर्ट वेल्सच्या ओतशाळेतले, अठराव्या शतकातले समजतात. शेजारचा अंक घुंगराचा आकार दाखवतो, साल नव्हे. मेंढ्यांच्या गळ्यातही घुंगरे असत, म्हणून लहान घुंगरू घोड्याचेच असे ठामपणे म्हणू नये.

बक्कल हा सर्वांत निसरडा विषय आहे. चौकट बाजूने कमानीसारखी वळलेली असेल आणि मधली दांडी वेगळी घालण्यासाठी दोन्ही कडांना भोके असतील, तर ते सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत चाललेले बुटाचे बक्कल आहे; पायाच्या चढावर बसावे म्हणून ते वळवलेले असते. साजाचे बक्कल बहुधा सपाट, जाड आणि अनलंकृत असते. पण सुट्या, साध्या चौकटीवरून ती माणसाच्या कमरेची होती की घोड्याच्या तंगाची (पोटाखालून खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याची), हे अनेकदा कुणालाच सांगता येत नाही, आणि अशा वेळी ‘बक्कल’ एवढीच नोंद प्रामाणिक असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओझ्याच्या घोड्यांच्या छातीवर आणि कपाळावर चकचकीत पितळी पदके मिरवण्याची पद्धत बहराला आली. वॉल्सॉल आणि बर्मिंगहॅम ही ती बनवण्याची मोठी केंद्रे. वॉल्सॉलच्या फुटबॉल संघाला आजही खोगीरवाले या अर्थाने ‘सॅडलर्स’ म्हणतात. पदकाच्या वर पट्टा ओवायची रुंद, चौकोनी फट असते, त्यामुळे मध्ययुगीन लोंबणापासून ते लगेच वेगळे काढता येते. ओतीव पदक असेल तर मागे दोन लहान ठिपक्यांएवढे बुंधे शोधावेत. कानस मारताना पदक व्हाइसमध्ये धरण्यासाठी ते ओतलेले असत आणि शेवटी घासून टाकत, तरी त्यांच्या खुणा राहतात. पातळ आणि मागच्या बाजूला नक्षीचा उलटा उठाव असलेले पदक ठशाने दाबून काढलेले, म्हणजे साधारण 1880 नंतरचे. व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या 1887 आणि 1897 च्या महोत्सवांची पदके वर्षासह सापडतात. पुढे शोभेच्या नकलाही भरमसाट निघाल्या. खरे वापरलेले पदक फटीच्या आतल्या कडेला आणि चामड्यावर घासणाऱ्या मागच्या खालच्या काठाला झिजलेले असते. नकलेवर पुढचा भाग झिजलेला आणि मागचा कोरा दिसतो.

लोखंडी आणि पोलादी भागांवर शिक्के शोधावेत. तीन रेघांचा बाण ही सरकारी मालमत्तेची खूण असून पहिल्या महायुद्धातल्या लष्करी साजावर ती आढळते. तिरक्या चौकोनातली नोंदणीखूण 1842 ते 1883 या काळातली, तर ‘आरडी’ अक्षरांपुढचा नोंदणी क्रमांक 1884 पासूनचा; अर्थात ही साले नोंदणीची आहेत, त्यानंतर तो नमुना कितीही वर्षे बनत राहिला असेल.

नोंद आणि पुढे

आपला अंदाज बांधून झाल्यावर वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या स्थानिक फाइंड्स लिएझन ऑफिसरकडे, म्हणजे लोकांना सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, न्यावी. 1997 मध्ये सुरू झालेली आणि इंग्लंडमध्ये ब्रिटिश म्युझियम चालवत असलेली ही योजना विनामूल्य नोंद करते, वस्तू ट्रेझर नसल्यास परत देते, आणि तिचा पंधरा लाखांहून अधिक वस्तूंचा संग्रह ऑनलाइन पाहता येतो. त्यात शोधताना वस्तूच्या नावाबरोबर आपली मोजमापे ताडून पाहावीत आणि पुढच्या छायाचित्राइतकेच मागच्या बाजूचे वर्णनही वाचावे.

एखादे लोंबण पुण्याला किंवा गोव्याला घरच्यांना भेट म्हणून न्यायचे मनात असेल, तर विमानतळावर जाण्यापूर्वी निर्यात परवाना काढावा. ब्रिटनच्या मातीतून निघालेल्या पन्नास वर्षांहून जुन्या पुरावस्तूला, तिची किंमत कितीही कमी असली तरी, देशाबाहेर नेण्यासाठी असा परवाना लागतो. इंग्लंडमध्ये तो आर्ट्स कौन्सिल देते, आणि अर्जासोबत जमीनमालकाचे लेखी संमतिपत्र व योजनेतला नोंद क्रमांक जोडल्यास वस्तू कुठून आली हे दाखवणे सोपे जाते.